अण्णांचं दुपदरी कापड

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार अण्णा मगदूम यांचे आहेत. हे नाव तुम्ही कुठं वाचलेलं नसणार. ते प्राध्यापक नव्हते की संशोधक नव्हते. मी शिकलो त्या कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये ते अटेंडंट होते. सकाळी कुलूप काढायचं, पंप चालू करायचा, मुलांना मापं आणि घड्याळं काढून द्यायची, संध्याकाळी काचा पुसून पुन्हा कुलूप लावायचं, हे त्यांचं काम. कॉलेज आमच्या सातारा-सांगलीकडचंच, पण त्याचं नाव लिहीत नाही. या हकिकतीत जी चूक आहे ती कॉलेजची नाही, माझी आहे.

संपादकांनी कळवलं, की दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सगळ्यांना कळेल असं लिहा. दुसरी अट अवघड आहे. मी काय करतो हे माझ्या घरच्यांना समजावून सांगायलाच मला कैक वर्षं लागली. तरी प्रयत्न करतो.

माझं काम धारेचं आहे. नळाला जोडलेली रबरी नळी भरलेल्या हौदात बुडवून धरा. तिच्या तोंडातून निघालेली धार आतल्या थांबलेल्या पाण्यात घुसते. थोडं अंतर ती सरळ जाते. मग तिच्या कडा विस्कटतात, भोवरे सुटतात, ते भोवरे बाजूचं पाणी ओढून आत घेतात आणि धार रुंद होत होत शेवटी हौदात मिसळून जाते. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघालेला धूर हेच करतो. फक्त तिथं बाजूची हवा थांबलेली नसते, वारा असतो, म्हणून धूर वाकतो. कारखान्याचं पाणी नदीत सोडलं तर तेही हेच करतं. ही धार किती रुंद होईल, किती लांब जाईल आणि तिच्यातून जे काही वाहतंय ते कुठवर गेल्यावर पुरेसं पातळ होईल, हे आधीच गणितानं सांगायचं, हा माझा धंदा.

यातली एक गंमत सांगतो. धार पाण्याची असो की हवेची, तोटी करंगळीएवढी असो की पिंपाएवढी, थांबलेल्या जागेत शिरलेली गोल धार एकदा नीट खवळली की जवळपास ठरलेल्या कोनातच पसरते. जोर वाढवला म्हणून कोन वाढत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मेसचं जेवणसुद्धा गोड लागलं होतं.

अडचण असते ती भोवऱ्यांची. एका भोवऱ्याच्या पोटात लहान भोवरे, त्यांच्या पोटात आणखी लहान. नदीतल्या एकेका भोवऱ्याचा माग ठेवायचा म्हटलं तर कुठलाच कॉम्प्युटर पुरत नाही. म्हणून आम्ही मॉडेल करतो. एकेक भोवरा सोडून द्यायचा, सगळ्यांचा मिळून जोर किती आहे आणि तो किती वेगानं विरतोय एवढ्या दोनच गोष्टी धरायच्या, आणि मधले काही आकडे प्रत्यक्ष प्रयोगावरून बसवायचे. त्या आकड्यांवर सगळा डोलारा उभा असतो, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

माझे वडील माण तालुक्यातले मेंढपाळ. आमच्या गावच्या ओढ्याला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने पाणी. असल्या गावचा पोरगा पाण्यावर पोट भरतो, याचं गावाला अजून हसू येतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. नोकरी लागल्यावर एकदा वडिलांनी बांधावर बसून विचारलं, "लक्ष्मणा, तू नेमकं करतूस काय?"

मी वरचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"म्हंजी एकेक मेंढरू न मोजता कळप कुठवर पांगंल ते सांगायचं."

"व्हय आबा, तेच."

"मग त्याला कालिज कशाला रं? मी रोज तेच करतुय की."

पुढं मी अनेक वर्षं मुलांना शिकवलं, मग सांगलीजवळ कुपवाडला एका शेडमध्ये माझं स्वतःचं छोटं सल्लागार ऑफिस काढलं. शेडच्या मागच्या अंगाला काचेची टाकी आहे, पुढच्या अंगाला कॉम्प्युटर. ऑफिसातल्या नव्या पोरांना मॉडेलिंग शिकवताना मी पहिल्या तासाला आबांचंच वाक्य सांगतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार, संपतराव म्हणू, ट्रॅक्टरमागं औषध फवारायचा ब्लोअर लावून आले. तक्रार अशी, की औषध पानांच्या बाहेरच राहतं, घडापर्यंत पोचत नाही.

"मोठा फॅन बसवतो साहेब. तुमी फक्त किती मोठा ते सांगा."

मी बागेत गेलो. संपतराव ट्रॅक्टर असा पळवत होते की पोरं मोटारसायकलवरसुद्धा त्या ओळीतून तसं जाणार नाहीत. ब्लोअरची धार हवेची. ट्रॅक्टर पुढं पळाला की बाजूची हवा धारेच्या मानानं मागं पळते, धार वाकते आणि वेलीच्या पोटात शिरायच्या आधीच मागं पडते. चार दिवस मॉडेल चालवलं, चित्रं काढली आणि त्यांना बोलावून सांगितलं, "फॅन आहे तो राहू द्या. ट्रॅक्टर निम्म्या वेगानं चालवा."

संपतरावांनी टोपी मागं सरकवली. "एवढं सांगायला कम्पुटर लागला व्हय? आमची म्हातारी रोज सांगती, हळू चालीव म्हणून."

"म्हातारीचं ऐकलं होतंत का?"

"न्हाई."

"म्हणून कॉम्प्युटर लागला."

पुढच्या हंगामात त्यांनी द्राक्षांची पेटी आणून दिली. एक पेटी म्हातारीलाही दिली, असं आवर्जून सांगितलं.

आता अण्णांकडं येतो.

अण्णा जैन. कृष्णाकाठचं गाव त्यांचं. रोज डबा आणायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवायचे. पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत, हे त्यांच्या घरचं वळण. लॅबच्या पिण्याच्या नळाला कायम एक पांढरं सुती कापड, दुपदरी करून बांधलेलं. रोज सकाळी ते सोडायचं, धुवायचं, आणि कापडात जे काही अडकलं असेल ते धुतलेल्या पाण्यासकट हळूच परत, नळाला पाणी यायचं त्या हौदात सोडायचं. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात. आम्ही मुलं हसायचो. अण्णाही हसायचे. "हसा गड्यांनो. पोटात न्हाई तर न्हाई, हौदात तरी जगू द्यात."

होस्टेलवर नवा होतो तेव्हा मला इंग्रजी पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी लॅबमध्ये नुसता पाण्याकडं बघत बसायचो. दुसरं कुणी असतं तर हाकललं असतं. अण्णा स्टूल सरकवून द्यायचे. म्हणायचे, "बघ, बघ. आदी डोळ्यानं बघ, मग पुस्तक बघ." माझ्या जेवणाची गैरसोय व्हायची त्या दिवशी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची. मी पाण्याच्या मागं लागलो तो त्या स्टुलावर.

शेवटच्या वर्षी मी प्रकल्प घेतला तो थांबलेल्या पाण्यात शिरणाऱ्या गोल धारेचा. मांडणी साधी होती. वरच्या मजल्यावर टाकी. तिथून पाइप खाली येतो, कॉक, मग काटकोनात वळण, मग पत्र्याचा एक डबा आणि त्या डब्याला पितळी तोटी. तोटी काचेच्या टाकीत बुडालेली. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा, म्हणजे विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचा रंग सोडायचा, काचेमागं आलेखाचा कागद, आणि धार किती अंतरावर किती रुंद झाली ते कागदावर वाचायचं. दुसऱ्या बाजूला तेव्हा सगळीकडं वापरायचे ते मॉडेल कॉम्प्युटरवर चालवायचं, आणि दोन्ही जुळवून दाखवायचं.

जुळेना. मॉडेल सांगायचं धार रुंद. माझी धार मात्र बारीक. तोटीतून निघाल्यावर काचेच्या कांडीसारखी सरळ जायची आणि मग बेतानं पसरायची. एक महिना मी रोज वाचनं घेतली, म्हणजे रुंदीचे आकडे वहीत टिपले. अण्णा घड्याळ धरायचे, मी वाचायचो. रोज तेच. सादरीकरणाची तारीख जवळ आली. घरून आबांनी निरोप धाडला होता, की निकाल लागला की गावजेवण घालायचं. 

एका सकाळी मी पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आत पाइपच्या तोंडाला अण्णांचं दुपदरी कापड बांधलेलं.

मी ओरडलोच. "अण्णा, हे काय?"

"अरं, त्या लाल औषधानं बारकं जीव मरत्यात. वरच्या टाकीत लय अळ्या असत्यात बघ. म्हणून हितं अडवून ठेवतो, सांच्याला परत वर सोडतो."

"माझा महिना वाया घालवलात तुम्ही!"

मला वाटलं, चोर सापडला. त्या रागात मी विभागप्रमुखांना लेखी तक्रार दिली. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. "प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याने उपकरणात परस्पर, विद्यार्थ्यास न कळवता बदल केला." सरांनी अण्णांना बोलावलं. मीही उभा होतो. सर म्हणाले, तुम्ही याला सांगितलं होतं का? अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पोराचं बरोबर हाय साहेब. यंत्राला मी हात लावाय नको हुता."

त्यांची बदली वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले, कानशी आणि स्क्रू मोजत. लॅबची किल्ली दुसऱ्याकडं देताना ते मला म्हणाले, "गड्या, हौदातलं पाणी आठवड्याला बदलत जा तेवढं." मी मान हलवली. बदललं किती वेळा? दोनदा.

कापड काढल्यावर धार रुंद झाली. मॉडेलशी अशी जुळली की सरांनी पाठ थोपटली. कापडाच्या महिन्यातल्या सगळ्या वाचनांवर मी लाल पेन्सिलनं काट मारली. पहिला वर्ग मिळाला. गावजेवण झालं. आणि ते जुळलेले आकडे मी पुढं जन्मभर वापरले. नंतर वाचनात यायचं, की जगभरचे लोक म्हणतात, हे मॉडेल सपाट, म्हणजे लांब फटीतून निघणाऱ्या धारेवर बसवलेलं आहे, गोल धारेला ते ढगळ होतं, धार खऱ्यापेक्षा रुंद दाखवतं, आकडे बदलून घ्या. मी ते वाचायचो आणि मनात म्हणायचो, तुमचं काहीही असो, मी माझ्या डोळ्यांनी जुळवलंय. 

मग ते कृष्णाकाठचं काम आलं. कराडच्या खाली एका गावाजवळ एका कारखान्याला शुद्ध केलेलं पाणी नदीत सोडायचं होतं. सोडायच्या जागेच्या खालच्या अंगाला गावाची जॅकवेल, म्हणजे नदीतून पिण्याचं पाणी उचलायची विहीर. धार तिथवर पोचायच्या आत पुरती मिसळते की नाही, एवढाच प्रश्न. माझं मॉडेल म्हणालं, मिसळते. मी रंगीत नकाशे घेऊन ग्रामसभेत गेलो.

सरपंच शालनताई. पन्नाशीच्या, ठसठशीत, शेतावरून तशाच आलेल्या. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. ना हरकतीचा कागद त्यांच्या पुढ्यातच होता.

"साहेब, एक इचारू?"

"विचारा की ताई."

"तुमचा कम्पुटर पाणी पितो?"

सगळी सभा हसली. मी म्हणालो, "नाही."

"आमी पितो. मग आमाला पाण्यात दावा. कागदात नगं."

खरं सांगतो, मला राग आला. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. चाचणीसाठी तात्पुरता पाइप टाकला. पाणी नदीचंच, त्यात असल्या तपासणीला वापरतात तो निरुपद्रवी गुलाबी रंग. गावानं आदल्या दिवशी पाणी भरून ठेवलं आणि त्या सकाळी जॅकवेलचे पंप बंद केले. नदीत मी सहा काठ्या रोवल्या होत्या. माझ्या हिशेबानं तिसऱ्या काठीला रंग पसरून फिका व्हायचा, चौथीच्या पुढं दिसायचाच नाही. सहावी काठी जॅकवेलच्या तोंडासमोर.

अख्खा गाव घाटावर. एकजण चहाची किटली घेऊन आला होता. चाचणीच्या पाइपचा पंप सुरू झाला. पाण्याखालून गुलाबी रंग निघाला आणि सरळ निघाला. तिसरी काठी गेली. चौथी गेली. रिबिनीसारखी बारीक रेघ, ऐटीत, माझ्या नकाशाकडं ढुंकूनही न बघता सहाव्या काठीपाशी जाऊन पोचली.

 मी उन्हात उभा राहून हातातला नकाशा गुंडाळायला लागलो. शालनताई पायऱ्या उतरून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढणार.

"आवं साहेब, तोंड का पाडलंय? बरं झालं न्हवं का? आज रंगच गेला, दुसरं काय न्हाई." मग मागं वळून, "आरं, साहेबास्नी चा द्या. साखर जास्त घाला."

तो चहा मी विसरणार नाही. चुकायचं तर असं, रंगात चुकावं. पण त्यांनी कागद पदरात गुंडाळून घेतला होता. "नीट करून आणा, मग सही," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातच टेबलाशी बसलो. मॉडेलची मुळं शोधायची तर पहिल्या आकड्यांपर्यंत जायला हवं होतं. माझी बायको सुनंदा माळ्यावर चढली आणि कॉलेजची ट्रंक खाली दिली. त्यात प्रकल्पाची वही होती. मी लाल काट मारलेली पानं उघडून आकडे बघायला लागलो. सुनंदा चपात्या लाटता लाटता खांद्यावरून डोकावली.

"हे कोपऱ्यात काय लिहिलंय ओ? सगळ्या पानांवर हाय."

"कुठं?"

"हे काय. 'कापड आहे.'"

प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलनं, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात: कापड आहे. आणि तारीख. महिनाभर, रोज. घड्याळ धरता धरता अण्णांनी लिहून ठेवलं होतं. मी आकडे बघत होतो. कोपरे कधी बघितलेच नव्हते.

"न कळवता" असं मी लिहून दिलं होतं. त्यांनी रोज कळवलं होतं, माझ्याच वहीत. आणि साहेबांच्या खोलीत ते एक वाक्य बोलले असते तर माझी तक्रार तिथंच पडली असती. बोलले नाहीत.

"आता काय हो झालं?" सुनंदा म्हणाली. चपाती तव्यावर करपली होती आणि मी हसत होतो की रडत होतो, तिला समजेना.

मग मी ती काट मारलेली वाचनं घेऊन बसलो, आणि एकेक गोष्ट सुटत गेली. कॉक आणि काटकोनातलं वळण यामुळं पाणी डब्यात पीळ घेत, गोल फिरत यायचं. पीळ पडलेली धार खऱ्यापेक्षा जास्त पसरते. अण्णांचं कापड तो पीळ काढून टाकायचं. कापडातून गाळून आलेलं पाणी शांत, सरळ, आणि त्याची धार जशी निसर्गात असते तशी. मोठ्या लॅबमध्ये याच कामासाठी बारीक जाळ्या बसवतात, हे मला माहीत होतं, मी मुलांना शिकवलं होतं! आणि मॉडेलचे आकडे गोल धारेला ढगळ. मॉडेल चुकून रुंद, बिनकापडाचा प्रयोग चुकून रुंद. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी त्याला जुळणं म्हणालो. चुकत नव्हतं ते फक्त कापड, आणि मी ते काढायला लावलं होतं.

कापडाच्या वाचनांवर आकडे नव्यानं बसवले. मॉडेल चालवलं. पडद्यावर नदी आली, आणि तिच्यात एक बारीक रेघ, सरळ सहाव्या काठीपर्यंत. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. कुपवाडच्या शेडमधली सगळी पोरं बघायला लागली.

पुढचं काम सोपं होतं. एका जाड धारेऐवजी पाइपला अंतरा-अंतरानं बारीक तोंडं. बारीक धार लवकर मिसळते, ती थोड्या अंतरातच विरते. पुन्हा गुलाबी रंग, पुन्हा घाटावर गाव. या वेळी दुसऱ्या काठीलाच रंग नाहीसा झाला. शालनताईंनी घाटावरच सही केली आणि म्हणाल्या, "कम्पुटर सुदारला म्हणायचा." मी म्हणालो, "कॉम्प्युटर नाही ताई, मी."

त्याच दिवशी घरी येऊन पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथा पाठवला. अण्णांचा पत्ता कॉलेजच्या जुन्या क्लार्ककडून मिळाला. ते आता थकलेत, पण कृष्णाकाठी त्याच गावात आहेत. आठ दिवसांनी फोन आला.

"मगदुमांची सून बोलते. तुमचं पत्र आलं. मामंजींना चष्म्यानंबी दिसत न्हाई, मीच वाचून दावलं. तीनदा."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"पयल्यांदा काय न्हाई. दुसऱ्यांदा बी काय न्हाई. तिसऱ्यांदा म्हणले, इचार त्याला, कापड कंचं वापरतोय? नायलॉनचं असंल तर म्हणावं काढ, सुती घाल."

पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "दुपदरी म्हणावं!"

येत्या पंधरवड्यात सूनबाई त्यांना घेऊन येणार आहेत. मी स्टूल काढून ठेवलंय. ते पत्र खाली देतो. जसं पाठवलं तसंच आहे, एक शब्द बदललेला नाही.

तीर्थस्वरूप अण्णांना,

लक्ष्मणचा साष्टांग नमस्कार. माणातला मेंढरंवाल्याचा लक्ष्मण. तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी खाणारा, म्हणजे ओळख पटेल.

अण्णा, मी तुमच्याविरुद्ध जे लिहून दिलं होतं ते खोटं होतं. तेव्हा मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला मला फक्त पानाचा कोपरा बघायचा होता. तो बघायला मला सारी नोकरी लागली. तुमचं कापड बरोबर होतं. माझी धार चुकीची होती. त्या कापडाच्या आकड्यांवर आज एका गावाचं पिण्याचं पाणी नीट राहिलं. गावाला तुमचं नाव मी सांगितलंय.

तुमची लॅब माझ्यामुळं सुटली. ती मला परत देता येत नाही. पण कुपवाडला माझी एक लहान लॅब आहे. काचेची टाकी आहे, पितळी तोटी आहे. तोटीआधीच्या डब्यात आता कापड बांधलंय, आणि उपकरणाच्या नकाशात त्या भागाचं नाव "मगदूम कापड" असं छापून घेतलंय. बाहेरचे इंजिनिअर विचारतात, हे काय? मी सांगतो. हौदातलं पाणी आता आठवड्याला बदलतो. उशिरा का होईना.

तुम्ही एकदा या. तुम्हाला गाडी पाठवतो. घड्याळ तुम्ही धरा, वाचनं मी घेईन. दिवस मावळायच्या आत जेवण वाढायला सुनंदाला सांगितलंय. प्यायचं पाणी रोज गाळून ठेवतो.

तुमचा,
लक्ष्मण

ता. क. नव्या वहीचं पहिलं पान आजच सुरू केलंय. आकडे अजून लिहायचेत. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं एवढंच लिहून ठेवलंय: कापड आहे.